पाणीकपात जाहीर होण्याआधी: सोसायटीचा पाणी आराखडा कसा करावा

महापालिका पाणीकपात जाहीर करते मे-जूनमध्ये, पण ती होणार की नाही याचा अंदाज बराच आधी बांधता येतो. महाराष्ट्रात १५ ऑक्टोबरच्या आसपास धरणांत किती पाणी आहे हे पाहून पुढच्या वर्षाचं वाटप ठरतं: पिण्यासाठी राखीव किती, उद्योगांना किती, शेतीला किती आवर्तनं (कालव्यातून ठरावीक दिवस सोडलं जाणारं पाणी). त्यानंतर कालवा सल्लागार समितीच्या बैठकांमध्ये रब्बी आणि उन्हाळी आवर्तनांचे निर्णय होतात. शहराचं पिण्याचं पाणी साधारण १५ जुलैपर्यंत पुरवायचं असा हिशेब धरला जातो, कारण जूनमध्ये पाऊस सुरू झाला तरी धरणात येवा (नदी-ओढ्यांतून वाहून येणारं पाणी) यायला जुलै उजाडतो. सोसायटीच्या कमिटीने कपातीची बातमी येईपर्यंत थांबू नये. आराखडा फेब्रुवारीत करावा, मार्चमध्ये दुरुस्त्या उरकाव्यात आणि एप्रिलपासून तो अमलात आणायला सुरुवात करावी. मे महिन्यात प्लंबर मिळत नाही, टँकरचे भाव चढलेले असतात आणि घाईत घेतलेले निर्णय महागात पडतात.

धरणाचा आकडा वाचताना दोन गोष्टी तपासा. एक म्हणजे दिलेला आकडा एकूण साठ्याचा आहे की उपयुक्त साठ्याचा. एकूण साठ्यात मृतसाठाही धरलेला असतो, आणि तळाशी उरणारं ते पाणी नेहमीच्या दाराने बाहेर येत नाही. दुसरी म्हणजे त्या पाण्यात आणखी कोणाकोणाचा वाटा आहे. पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची मिळून उपयुक्त क्षमता सुमारे २९ टीएमसी आहे. एक टीएमसी म्हणजे साधारण २,८३१ कोटी लिटर. आकडा मोठा दिसतो, पण याच साखळीतून दौंड-इंदापूरकडच्या शेतीलाही कालव्याने पाणी जातं, आणि उन्हाळ्यात बाष्पीभवनाने साठा घटतो ते वेगळंच. म्हणून ‘धरणात इतके टक्के शिल्लक’ ही बातमी एकटी वाचून उपयोग नाही. तिच्यासोबत पुढचं आवर्तन कधी सुटणार आहे तेही पाहावं.

दहा टक्के कपात म्हणजे तुमच्या टाकीत किती?

मुंबईत २०२४ साली ३० मेपासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के कपात होती. पुण्यात २०२३ च्या मे महिन्यात दर गुरुवारी पाणी बंद ठेवलं गेलं. कागदावर दोन्ही कपाती सौम्य वाटतात. प्रत्यक्षात तुमच्या टाकीत पडणारी घट त्याहून मोठी असू शकते, आणि त्याचं कारण जलवाहिनीच्या चालण्यात आहे.

आपल्या बहुतेक शहरांत पाणी ठरावीक वेळ सोडलं जातं. चावीवाला व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा पहिली काही मिनिटं रिकामी झालेली वाहिनी भरण्यात जातात, मग खालच्या भागातल्या टाक्या भरू लागतात, आणि दाब टिकून राहिला तरच उंचावरच्या किंवा वाहिनीच्या शेवटच्या टोकाच्या इमारतींना पाणी पोचतं. वेळ दोन तासांवरून पावणेदोन तासांवर आली तर ती पंधरा मिनिटं टोकाच्या माणसाच्या वाट्यातून जातात. गुरुवारच्या बंदनंतर शुक्रवारी पाणी उशिरा आणि कमी दाबाने येतं, तेही याच कारणाने. तुमची सोसायटी टेकडीवर किंवा वाहिनीच्या टोकाला असेल तर जाहीर कपातीच्या दुप्पट-तिप्पट घट धरूनच हिशेब मांडा.

रिकाम्या वाहिनीचा दुसरा धोका आरोग्याचा आहे. दाब असतो तोवर फटीतून पाणी बाहेर गळतं. दाब गेला की त्याच फटीतून बाहेरचं पाणी आत शिरतं, आणि शेजारून ड्रेनेजची लाइन जात असेल तर ते पाणी मैल्याचं असतं. त्यामुळे पुरवठा बंद राहून पुन्हा सुरू झाला की पहिली दहा-पंधरा मिनिटं येणारं गढूळ पाणी पिण्याच्या टाकीत घेऊ नये. इनलेटच्या (टाकीत पाणी येण्याच्या पाइपाच्या) आधी एक टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, आणि व्हॉल्व्ह बसवून घ्या. ते पाणी बाजूला पिंपात काढता येतं आणि अंगण धुवायला किंवा फ्लशला वापरता येतं.

आधी मोजणी

आराखड्याचा पाया मोजणीत आहे. ८० फ्लॅटची, दोन विंगची, ३२० माणसांची सोसायटी उदाहरणादाखल घेऊ. मलनिःसारणाची सोय असलेल्या शहरांसाठी माणशी रोज १३५ लिटर हा मान्य निकष आहे. त्या हिशेबाने रोजची गरज ४३,२०० लिटर.

आता टाकीत किती पाणी आहे हे लिटरमध्ये कळायला हवं. ‘अर्धी भरली आहे’ या उत्तराने नियोजन होत नाही. अंडरग्राउंड टाकीची आतली लांबी-रुंदी मोजा. ६ मीटर बाय ४ मीटर असेल तर तळ २४ चौरस मीटर, म्हणजे पाण्याची पातळी एक सेंटिमीटर बदलली की २४० लिटरचा फरक. टाकीच्या आतल्या शिडीलगत किंवा भिंतीवर ऑइल पेंटने सेंटिमीटरच्या खुणा करून घ्या किंवा खुणा केलेली पीव्हीसीची काठी ठेवा. दोन मीटर उंचीपर्यंत पाणी भरत असेल तर साठा ४८,००० लिटर. मात्र मोटरच्या फूट व्हॉल्व्हखालचे (पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या खालच्या टोकाला असलेल्या झडपेखालचे) २०-२५ सेंटिमीटर उपसता येत नाहीत, ते यातून वजा करा. गच्चीवरच्या टाक्यांचंही असंच गणित मांडून ठेवा.

वॉचमनने रोज दोन नोंदी करायच्या: महापालिकेचं पाणी सुरू होण्याआधी टाकीची पातळी किती आणि बंद झाल्यावर किती. पाणी येत असताना मोटर बंद ठेवली तर आवक नेमकी कळते. मीटर असेल तर त्याचं रीडिंगही त्याच वेळी लिहावं. पंधरा दिवसांची ही वही हाती असली की क्षेत्रीय कार्यालयात किंवा वॉर्ड ऑफिसात तक्रार घेऊन जाताना बोलणं बदलतं. ‘पाणी कमी येतं’ या तक्रारीला उत्तर मिळत नाही. ‘आवक रोज ४१ हजार लिटर होती, सोमवारपासून २६ हजारांवर आली’ असं लेखी दिलं की व्हॉल्व्हचे फेरे, वाहिनीतला चोक किंवा गळती तपासावी लागते.

गळती रात्री सापडते

मध्यरात्री १ ते पहाटे ४ या वेळेत वापर जवळजवळ थांबतो. गच्चीवरची टाकी १ वाजता मोजा, मोटर बंद ठेवा, ४ वाजता पुन्हा मोजा. समजा एका विंगच्या टाकीचा तळ १२ चौरस मीटर आहे आणि पातळी ४ सेंटिमीटर उतरली. म्हणजे ४८० लिटर गेले. रात्रीच्या वापराचे १०० लिटर वजा केले तरी तीन तासांत ३८० लिटर, दिवसाला सुमारे ३,००० लिटर. एका विंगच्या रोजच्या २१,६०० लिटरच्या गरजेचा हा सातवा हिस्सा झाला. कोणतीही कपात जाहीर न होता ही विंग चौदा टक्के कपात भोगत असते.

हे पाणी जातं कुठे? बहुतेक वेळा फ्लशमधून. फ्लशच्या टाकीतला रबरी वॉशर झिजला की पाणी आवाज न करता भांड्यात उतरत राहतं आणि एका टाकीतून दिवसाला शंभर-दोनशे लिटर सहज जातं. तपासणी सोपी आहे: टाकीत खायचा रंग टाका, वीस मिनिटं फ्लश करू नका, भांड्यात रंग उतरला तर गळती आहे. एका रविवारी सगळ्या फ्लॅटमध्ये ही तपासणी करावी आणि वॉशर सोसायटीने घाऊक आणून स्वतःच्या खर्चाने बसवून द्यावेत. ज्याच्या घरात गळतं त्याने आपापलं करावं असं म्हटलं की निम्म्या घरांत ते होत नाही, आणि नुकसान सगळ्यांचं होतं.

त्यानंतर गच्चीवरच्या टाकीचा बॉलकॉक, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगता गोळा. तो अडकला की ओव्हरफ्लो पाइपातून पाणी थेट पावसाळी गटारात जातं आणि कुणाला दिसतही नाही. ओव्हरफ्लोचा पाइप मुद्दाम वॉचमनच्या नजरेसमोर उघडा सोडावा. मग येतो फूट व्हॉल्व्ह: तो नीट बसत नसेल तर पाइपातलं पाणी परत खाली उतरतं, मोटर हवा पकडते आणि दरवेळी प्रायमिंगसाठी पाणी ओतावं लागतं. सर्वांत शेवटी अंडरग्राउंड टाकीच्या भिंती तपासा. इनलेट आणि मोटर दोन्ही बंद ठेवून रात्रभरात पातळी उतरते का ते पाहा. उतरत असेल तर तडा आहे, आणि ज्या तड्यातून पाणी बाहेर जातं त्यातूनच पावसाळ्यात जमिनीतलं घाण पाणी आत येतं.

नळातून सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला साधारण वीस लिटर. ते थांबवावंच, पण कमिटीची ताकद आधी फ्लश आणि बॉलकॉकवर लावावी.

नियम काय सांगतात

पिण्याजोगं पाणी वाया घालवणं हा केवळ नागरिकशास्त्राचा विषय राहिलेला नाही. केंद्रीय भूजल प्राधिकरणाने ८ ऑक्टोबर २०२० रोजी पर्यावरण (संरक्षण) कायदा, १९८६ च्या कलम ५ खाली आदेश काढून भूगर्भातून काढलेल्या पिण्याच्या पाण्याच्या अपव्ययाला आणि गैरवापराला मनाई केली आहे. टंचाईच्या काळात महापालिका स्वतंत्र आदेश काढतात: पाइप लावून गाड्या धुणं, अंगण आणि रस्ते धुणं, पोहण्याचे तलाव भरणं, बांधकामाला पिण्याचं पाणी वापरणं बंद. बंगळुरूत मार्च २०२४ मध्ये अशा वापरावर ५,००० रुपये दंड लावला गेला आणि अपार्टमेंटच्या सामायिक नळांना एरेटर (पाण्यात हवा मिसळून धार कमी करणारी, नळाच्या तोंडाची जाळी) बसवणं सक्तीचं झालं. आपल्या महापालिकेचा आदेश आला की त्याची प्रत नोटीस बोर्डावर लावा आणि त्यातल्या तारखांनुसार सोसायटीच्या वेळा बदला.

महापालिकेच्या नळाला थेट मोटर लावणं बेकायदा आहे. सापडली तर मोटर जप्त होते आणि नळजोड तोडला जाऊ शकतो. याची बंदी केवळ शेजाऱ्याचं पाणी ओढलं जातं म्हणून नाही. मोटरने वाहिनीत शोषण तयार होतं आणि वर सांगितलेल्या फटींतून ड्रेनेजचं पाणी जोराने आत खेचलं जातं. ते सगळ्यांत आधी मोटर लावणाऱ्याच्याच टाकीत येतं.

पाण्याच्या खर्चाची वाटणी हा सोसायट्यांमधला नेहमीचा वाद. आदर्श उपविधींनुसार पाणीपट्टी फ्लॅटमधल्या नळांची एकूण संख्या आणि आकार यांवर वाटली जाते, क्षेत्रफळावर नाही. टँकरचा खर्चही सर्वसाधारण सभेत ठराव करूनच वाटावा. फ्लॅटनिहाय मीटर बसवायचे असतील तर पाणी किती मार्गांनी फ्लॅटमध्ये शिरतं ते आधी पाहा. जुन्या इमारतींत प्रत्येक बाथरूमला वेगळी उभी लाइन असते, म्हणजे एका फ्लॅटला तीन-चार मीटर लागतात. खर्च पाहून मगच ठराव करा. आणि थकबाकीदाराचं पाणी तोडायचा विचारही करू नका. थकबाकी वसुलीसाठी सहकार कायद्यात स्वतंत्र तरतूद आहे, तीच वापरावी.

टप्पे ठरवा: १३५, १००, ७०

१३५ लिटरच्या निकषाची जुनी फोड अशी आहे: अंघोळ ५५, फ्लश ३०, कपडे २०, भांडी १०, घराची सफाई १०, स्वयंपाक ५, पिणं ५. बचत कुठून होणार हे या आकड्यांवरून उघड आहे. पिण्याच्या आणि स्वयंपाकाच्या पाण्यात हात घालायची गरजच पडत नाही. अंघोळ आणि फ्लश मिळून ८५ लिटर जातात, तिथेच काम करायचं.

पहिल्या टप्प्यात माणशी १०० लिटर, म्हणजे आपल्या सोसायटीला ३२,००० लिटर. हे लोकांना फारसं न जाणवता साधतं. गळती थांबवा, वॉशबेसिन आणि सिंकच्या नळांना एरेटर बसवा, शॉवर बंद करून बादलीवर या. साधा नळ पूर्ण सोडला तर मिनिटाला १०-१२ लिटर देतो, एरेटर लावला की ३ ते ६. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने एरेटरची जाळी महिन्या-दोन महिन्यांत चोंदते आणि लोक वैतागून तो काढून फेकतात. म्हणून जाळी काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवायची, हे बसवतानाच सांगून ठेवा. बादली भरायच्या नळाला एरेटर लावू नका. बादलीत तेवढंच पाणी लागतं, उगाच वेळ जातो.

दुसऱ्या टप्प्यात ७० लिटर, म्हणजे २२,४०० लिटर. याची फोड आम्ही अशी सुचवतो: पिणं-स्वयंपाक ७, अंघोळ १८, फ्लश १८, भांडी १०, कपडे १२, हात-तोंड आणि पुसणं ५. फ्लशचे १८ लिटर म्हणजे सहा-सहा लिटरचे तीन फ्लश. जुनी टाकी एका वेळेला १० लिटर किंवा जास्त सोडत असेल तर तिच्यात पाण्याने भरलेली एक-दोन लिटरची प्लास्टिकची बाटली ठेवा. वीट ठेवू नका, ती झिजते आणि तिचा चुरा वॉशरखाली अडकून नवीन गळती सुरू होते. कपडे धुतलेलं पाणी बादलीत धरून फ्लशला वापरलं तर आणखी उरतं.

या टप्प्यावर सोसायटीला आतला पुरवठा नियंत्रित करावा लागतो. बहुतेक कमिट्या वेळ कमी करतात: सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास. याचा परिणाम बऱ्याचदा उलटा होतो. पाणी जाणार म्हणून प्रत्येक घर पिंपं, बादल्या, पातेली भरून ठेवतं आणि दुसऱ्या दिवशी ताजं पाणी आलं की ‘शिळं’ ओतून देतं. त्याऐवजी प्रत्येक विंगच्या गच्चीवरच्या टाकीत मोजून पाणी चढवावं. आपल्या उदाहरणात एका विंगला ११,२०० लिटर: सकाळी ६ वाजता ६,०००, दुपारी २,२००, संध्याकाळी ३,०००. पातळीच्या खुणा आहेतच, वॉचमनला सेंटिमीटर सांगून ठेवायचे. नळ दिवसभर उघडे राहतात, लोक साठवत नाहीत, आणि कोणत्या विंगचा वापर जास्त आहे ते लगेच दिसतं.

यात एक अडचण येते. टाकी गच्चीवर असल्याने खालच्या मजल्यांना दाब जास्त मिळतो, नळ जोरात येतात आणि वापर वाढतो. टाकी संपत आली की आधी वरचे मजले कोरडे पडतात. खालच्या मजल्यांच्या उभ्या लाइनवरचे व्हॉल्व्ह थोडे आवळून किंवा उंच इमारतीत दाब कमी करणारे व्हॉल्व्ह बसवून हे सावरतं. कोणता व्हॉल्व्ह किती फेरे आवळला ते लिहून ठेवा, नाहीतर पावसाळ्यात तो पूर्ववत कोण करणार आणि किती, यावर भांडण होतं.

बोअर आणि महापालिकेचं पाणी मिसळू नका

बोअरचं पाणी फ्लश, बाग आणि धुण्याला वापरावं, त्याची टाकी आणि लाइन वेगळी असावी. दोन्ही पाणी एकाच अंडरग्राउंड टाकीत सोडलं तर चांगल्या पाण्याची गुणवत्ता खराब पाण्याच्या बरोबरीला येते. वेगळी लाइन नसेल तर निदान फ्लशसाठी स्वतंत्र लाइन टाकण्याचा खर्च काढून ठेवा. टँकरच्या एका उन्हाळ्याच्या बिलाशी तुलना केली की तो बरेचदा परवडतो.

उन्हाळ्यात बोअर सलग चालवली की पाणी खाली जातं, मोटर कोरडी फिरते आणि जळते. ड्राय-रन संरक्षण बसवा, आणि एक तास चालवून दोन तास विश्रांती अशा वेळा लावून पाहा. विश्रांतीनंतर पहिल्या दहा मिनिटांत किती लिटर येतं त्याची आठवड्याला नोंद ठेवा. हा आकडा उतरत चालला की बोअर आटते आहे असं समजून टँकरची तजवीज पंधरा दिवस आधी सुरू करता येते. पाणी वर्षातून एकदा प्रयोगशाळेत तपासा. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरा स्रोत नसेल तरच २,००० पर्यंत चालतात. नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या वर नसावं, कारण ते उकळून जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचं प्रमाण वाढतं.

टँकर घेताना

सगळ्यांत जास्त फसवणूक आणि सगळ्यांत जास्त आजार इथे होतात, म्हणून इथे नीट थांबून पाहू.

टँकरवाल्याला पहिला प्रश्न भावाचा विचारू नका. पाणी कुठून भरतो ते विचारा. महापालिकेच्या भरणा केंद्रावरून भरत असेल तर पावती मागा. खाजगी विहीर किंवा बोअर असेल तर जागा बघून या आणि पाण्याचा तपासणी अहवाल मागा. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या भागात गुइलेन बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण झपाट्याने वाढले तेव्हा संशय दूषित पाण्यावर गेला आणि विहिरी, टँकर, खाजगी आरओ प्रकल्प या सगळ्यांची तपासणी करावी लागली. टँकरचं पाणी दिसायला स्वच्छ असतं, एवढ्यावर विसंबू नये.

माप तपासायला वेगळं यंत्र लागत नाही. मोटर आणि इनलेट बंद ठेवा, टाकीची पातळी वाचा, टँकर रिकामा करू द्या, पुन्हा वाचा. २४ चौरस मीटरच्या टाकीत १०,००० लिटरने पातळी साडेएक्केचाळीस सेंटिमीटर वाढायला हवी. ३६ सेंटिमीटरच वाढली तर आलं ८,६४० लिटर. ही तपासणी प्रत्येक खेपेला, चालकासमोर करावी आणि वहीत त्याची सही घ्यावी. गाडीचा क्रमांक, वेळ, आधीची आणि नंतरची पातळी, क्लोरीनचा निकाल, एवढे रकाने पुरतात. बिल त्या वहीवरून द्यायचं.

पाणी सोडणाऱ्या पाइपाचं तोंड पाहा. ते रस्त्यावर, चिखलात लोळत आलेलं असतं आणि तसंच टाकीत घातलं जातं. आधी टँकरचंच थोडं पाणी बाहेर सोडून पाइप धुवावा आणि तोंड पाण्याच्या पातळीच्या वर टांगावं, पाण्यात बुडवू नये. अंडरग्राउंड टाकीला दोन कप्पे असतील तर टँकर एकाच कप्प्यात घ्या आणि महापालिकेचं पाणी दुसऱ्यात, पिण्या-स्वयंपाकापुरतं, राखून ठेवा.

आता निर्जंतुकीकरण. टीसीएल पावडरचं (ब्लीचिंग पावडरचं) साधं प्रमाण १,००० लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे १०,००० लिटरच्या टँकरला २५ ग्रॅम. पावडर चांगल्या प्रतीची, सुमारे ३३ टक्के क्लोरीनची असेल तरच हे प्रमाण लागू पडतं. उघड्या पोत्यातली, दमट हवा लागलेली पावडर ताकद गमावते, म्हणून लहान हवाबंद डबा घ्या आणि उघडल्याची तारीख त्यावर लिहा. पावडर थेट टाकीत टाकू नका. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात ती कालवून पातळ लगदा करा, बादली पाऊण भरा, ढवळा, दहा मिनिटं निवळू द्या. चुन्याचा साका खाली बसतो. वरची निवळी टाकीत ओता आणि साका फेकून द्या. काम हातमोजे घालून, उघड्या जागेत करावं, आणि बाथरूम धुवायच्या ॲसिडजवळ पावडर कधीही ठेवू नये. दोन्ही एकत्र आले की विषारी वायू सुटतो.

एक तास थांबा आणि क्लोरोस्कोपने, म्हणजे पाण्यात उरलेला क्लोरीन मोजायच्या छोट्या संचाने, तपासा. त्यातल्या ओटी (ऑर्थोटोलिडिन) द्रावणाच्या थेंबांनी पाणी पिवळसर होतं, त्याची छटा पट्टीवरच्या छटेशी जुळवायची. टाकीत लिटरला ०.५ मिलिग्रॅमच्या आसपास आणि सर्वांत दूरच्या नळाला किमान ०.२ मिळायला हवं. रंगच आला नाही तर पाण्यातल्या घाणीने सगळा क्लोरीन खाल्ला असा अर्थ. निम्मी मात्रा आणखी टाका, पुन्हा तासभर थांबा. तरीही रंग नसेल तर ते पाणी पिण्याला देऊ नका, फ्लशला वळवा. गढूळ पाण्यात क्लोरीन पुरेसं काम करत नाही, आधी गाळ बसू द्यावा लागतो.

पाणी पूर्ण थांबलं तर

मुख्य वाहिनी फुटली किंवा पंपिंग स्टेशन बंद पडलं तर दोन-तीन दिवस थेंबही येत नाही. त्या काळासाठी माणशी किमान १५ लिटर धरतात. ३२० माणसांना दिवसाला ४,८०० आणि तीन दिवसांचे १४,४०० लिटर. आपल्या टाकीत हे साठ सेंटिमीटर पाणी झालं. फूट व्हॉल्व्हच्या वर साठ सेंटिमीटरवर लाल रेघ ओढा. पातळी तिथे आली की मोटर बंद, आणि पुढचं पाणी खालच्या नळावरून हंड्या-बादलीने, घरटी मोजून. तान्हं मूल, अंथरुणाला खिळलेलं माणूस, अतिसाराचा रुग्ण असलेल्या घरांची यादी आधीच तयार असावी. त्यांना जास्त पाणी लागतं आणि ते वर नेऊन द्यायला माणूस लागतो. वीजही गेली असेल तर मोटर आणि लिफ्ट दोन्ही बंद असतात. त्यासाठी झाकण आणि तोटी असलेली वीस लिटरची कॅन आणि हातपंप किंवा दोरी-बादली तयार ठेवा.

आगीसाठी राखलेल्या टाकीला हात लावू नये, कितीही टंचाई असली तरी. नवीन इमारतींत पाणी आधी अग्निशमन टाकीत पडून तिच्या ओव्हरफ्लोने वापराच्या टाकीत येतं, त्यामुळे ते बदलत राहतं आणि राखीव साठाही टिकतो. जुन्या इमारतीत अशी रचना करून घेता येते. टंचाईच्या दिवसांत कुणीतरी मोटरचा सक्शन पाइप अग्निशमन टाकीत सोडतो आणि काढायचं विसरतो, म्हणून त्या झाकणाला कुलूप लावून किल्ली सेक्रेटरीकडे ठेवा.

संपूर्ण शहराचा स्रोतच आटला तर काय होतं ते लातूरने २०१६ मध्ये पाहिलं. मांजरा धरण कोरडं पडलं आणि मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. एप्रिलमधल्या पहिल्या फेरीला दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर आलं, पुढे पन्नास वाघिणींतून एका खेपेला पंचवीस लाख. आपल्या माणशी ७० लिटरच्या टप्प्याने हिशेब केला तर पंचवीस लाख लिटर जेमतेम ३६ हजार माणसांना एक दिवस पुरतं. जिल्हाधिकाऱ्यांचा टंचाई आराखडा ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून अशा तीन टप्प्यांत असतो. खाजगी विहीर आणि बोअर अधिग्रहित करण्याचा अधिकार प्रशासनाला असतो, तेव्हा तुमची बोअर चांगली चालत असेल तर तशी मागणी येऊ शकते हेही सभेत आधी सांगून ठेवावं.

छतावरचं पाणी

राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या नव्या बांधकामांना पर्जन्यजल संधारण बंधनकारक आहे. पुण्यासारख्या काही महापालिका त्यासाठी मिळकतकरात सवलतही देतात. पण अपेक्षा नेमकी ठेवा. ४०० चौरस मीटरच्या गच्चीवर ७०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला ८० टक्के हाती लागला तर वर्षाला २,२४,००० लिटर, म्हणजे आपल्या सोसायटीची पाच दिवसांची गरज. एवढ्याने टंचाई संपत नाही. तरी हे पाणी बोअरला पाजलं तर ती तग धरते, आणि जूनमधली वीस मिलिमीटरची एक सर ६,४०० लिटर देते तेव्हा धरण अजून तळाशीच असतं.

अनेक योजना बसवल्यानंतर काही वर्षांत बंद पडतात, कारण गाळणी खड्ड्यातली वाळू गाळाने बसते आणि कुणी ती बदलत नाही. मेअखेरीस गच्ची झाडा, पाइपांची जाळी काढून धुवा, वाळूचा वरचा दहा-पंधरा सेंटिमीटरचा थर काढून नवा घाला. पहिल्या सरीचं पाणी, गच्चीच्या दर चौरस मीटरला एक-दोन लिटर, बाहेर सोडा. त्यात वर्षभराची धूळ आणि कबुतरांची विष्ठा असते. थेट बोअरमध्ये न गाळलेलं पाणी कधीही सोडू नये. एकदा भूजल नासलं की ते शेजारच्या चार सोसायट्यांचंही नासतं.

कपात उठल्यावर

जुलैअखेर पुरवठा पूर्ववत झाला की टाक्या रिकाम्या करून धुवून घ्याव्यात, कारण तीन महिने टँकर आणि कमी पातळी यांमुळे तळाला गाळ साचलेला असतो. आतल्या भिंती ब्रशने घासा, गाळ उपसा, टीसीएलच्या द्रावणाने पुसून घ्या. माणूस आत उतरवण्याआधी झाकणं बराच वेळ उघडी ठेवा आणि वर दुसरा माणूस उभा राहिल्याशिवाय कुणालाही आत उतरू देऊ नका. आवळलेले व्हॉल्व्ह वहीतले फेरे पाहून सोडा. पातळीची वही मात्र बंद करू नका, पाणी भरपूर असतानाच्या आकड्यांशी ताडून पाहिल्याशिवाय पुढच्या उन्हाळ्यातली घट ओळखता येत नाही.